हिरवं बटण

बुद्धघोष गेल्यापासून वृषालीनं ‘पहारा’ला हात लावला नव्हता. नेटवर्कवर येणारा माणूस खरोखर तोच आहे का, हे तपासणारी ही लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड, दोघांनी कॉलेज संपल्यावर भूम गावात बसून लिहिली. कुणीही फुकट घ्यावी, कोड उघडून बघावा, चुका सांगाव्यात. नियम एकच, तोही बुद्धघोषचा: एकाचा बदल दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय आत जायचा नाही. लग्नाचा विषय मात्र या दोन शहाण्यांनी पुढच्या आवृत्तीवर ढकलला, आणि मध्येच त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला.

परवा कुणीतरी ‘पहारा’तलं एक भोक दाखवून दिलं. कितीतरी दवाखाने, शाळा तिच्या भरवशावर चालतात, गप्प बसवेना. वृषालीनं दुरुस्ती लिहून पाठवली. मंजुरीपाशी अडकणार, हे तिला माहीतच होतं. तर लगेच उत्तर आलं: बुद्धघोष, मंजूर.

वेड्यासारखा आनंद झाला तिला. मग आठवलं, तो तर गेलाय.

सकाळच्या एसटीनं तिनं त्याचं गाव, उमरगा गाठलं. त्याची आई, मथुराबाई, दारातच म्हणाली, “आलीस व्हय? झालं का तुझं काम? तुझं नाव दिसलं की म्या लगी दाबलं.”

आत बुद्धमूर्तीशेजारी त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

“दवाखान्यात त्याचे हात लई कापायचे. म्हणायचा, आई, वृषालीचं नाव आलंय, हिरवं दाब. मधी इतके दिस आलंच न्हाय. म्हटलं, पोरीनं काम सोडलं का काय.”

दाबायला सांगण्याआधी तो सगळं वाचायचा, हे मथुराबाईला कुठून कळणार? तिला ठाऊक फक्त दाबणं. आईला सोपं जावं म्हणून फोनचं कुलूपही त्यानं काढून ठेवलेलं. जगाची दारं राखायला निघालेला गडी स्वतःच्याच दाराची कडी काढून गेला होता. वृषालीला त्याचा भयंकर राग आला. समोर असता तर भांडली असती, पोटभर.

“मावशी, आता दाबायचं नाही. लोकांना वाटतंय, तो अजून आहे.”

“वाटू दे की,” मथुराबाई म्हणाली.

वृषालीला रडू फुटलं. डोळे पुसत ती म्हणाली, “न वाचता काही वाईट आत गेलं, तर बोल त्याला लागेल.”

मथुराबाईनं फोन उचलून घेतला. पदरानं फोनची काच पुसत राहिली.

“त्याच्या नावाला बट्टा नगं. काढ त्याचं नाव.”

पण नाव काढणं हाही बदलच, आणि मंजुरी द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. वृषालीनं लॅपटॉप उघडून नाव काढणारा बदल लिहिला आणि त्याच्या खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: बुद्धघोष आता नाही. ही मंजुरी त्याची आई देते आहे.

मथुराबाईच्या हातातला फोन वाजला.

“तुझंच नाव आलंय,” मथुराबाई म्हणाली. अंगठा काचेवर तसाच थांबला. मग तिनं हिरवं दाबलं.

“आता न्हाय ना वाजायचा ह्यो?”

वृषालीनं नकारार्थी मान हलवली. मथुराबाईनं फोन पुन्हा मूर्तीशेजारी ठेवला आणि चार्जर लावला.