गजावरची खूण

"ज्या देशाला दारूगोळ्याचा वास सहन होत नाही, त्या देशाला इतिहास नसतो!" दिग्दर्शक रामचंद्रपंत थळच्या किनाऱ्यावर एका उपड्या होडीवर चढून गरजले. होडीला त्याच सकाळी माशाचं तेल चोपडलेलं होतं. त्यामुळे 'नसतो' हा शब्द त्यांनी वाळूत बसून उच्चारला.

ही एकोणीसशे सत्तावन्नच्या मे महिन्यातली गोष्ट. सिनेमा कंपनी मुंबईहून समुद्रावरच्या लढाईचं चित्र काढायला आली होती. मागे खांदेरीचा किल्ला होता, पुढे गलबत म्हणून सजवलेला मचवा होता, आणि बंदुका सहा होत्या. पाच लाकडी. त्यांतून धूर निघत नसे, हाताला घाम आला तर रंग तेवढा निघे. सहावी खरी, ठासणीची. ती डोंगराकडच्या बुधाजीची. भात खाणाऱ्या रानडुकरांसाठी तिला सरकारी परवाना होता, आणि बुधाजी तो परवाना बंडीच्या आतल्या खिशात, तंबाखूच्याही आत, जपत असे.

मरायचं होतं गुणाजी कोळ्याला. नायकाने मचव्यावर पाच पावलांवरून फितूर तांडेलाला गोळी घालायची आणि तांडेल झालेल्या गुणाजीने पाण्यात पडायचं. गुणाजी खूश होता. त्याची बायको सगुणा नव्हती.

"खोटं मरन हाय गं!"

"बंदूक खरी हाय ना?"

यावर गुणाजीने मिशी विंचरली.

बुधाजीने मात्र रामचंद्रपंतांना आधीच बजावलं होतं. "सायेब, नुसती दारू न् वर काथ्याचा बोळा. छर्रा न्हाय, गोळी न्हाय. बार पेटवनारी केप मी लावनार, ती बी शेवटाला. आन् हिरोसायबानी नेम बाजूला धरायचा."

"बाजूला?" नायक दुखावला. "मी छातीत गोळी घालणारा नट आहे."

"क्यामेऱ्याला काय कळतंय? गुनाजीला कळंल."

सकाळी बुधाजीने बंदूक ठासून ठेवली आणि दुपारी गुणाजीकडे जेवायला गेला. बंदूक दाराआड उभी केली. सगुणेने त्याला बोंबलाचं कालवण तीनदा वाढलं. पाहुण्याने हात धुवायला मागच्या दारी जावं आणि तिथे जरा वेळ रमावं, इतकं ते झणझणीत होतं.

चारला भरती पुरी आली. मचवा डुलू लागला. अर्ध्या तासात पाणी ओसरलं की तो चिखलात बसणार, म्हणून रामचंद्रपंत कर्ण्यातून ओरडत होते, "आटपा! केप लावा!"

केप लावण्याआधी बुधाजीने ठासायचा गज नळीत सोडला. ठासणीवाल्यांची ही जुनी रीत. गजावर दोन खुणा कोरलेल्या असतात: रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या नळीची एक. आज गज भरल्या खुणेच्याही दोन बोटं वर राहिला. बुधाजीने तो काढला, पुसला, परत सोडला. परत दोन बोटं वर. नळीत जास्तीचं काहीतरी होतं.

"बार न्हाय हुनार."

"अहो, भरती चालली!"

"उंद्या परत येल. गुनाजी येल का?"

रामचंद्रपंत बरंच बोलले. कंपनी, कला, शिस्त, खेडवळपणा, सगळ्यावर बोलले. नायक म्हणाला, "द्या इकडे, मी उडवतो." बुधाजीने बंदूक मांडीवर आडवी घेतली, नळी समुद्राकडे केली आणि तंबाखू मळायला घेतली. ती मळून होईपर्यंत मचवा चिखलात बसला.

मग त्याने गजाच्या टोकाला मळसूत्र लावून नळीतून एक गाठोडं उपसलं. लाल फडक्यात श्रीवर्धनची रोठा सुपारी. टणक, गरगरीत.

गर्दीतून सगुणा पुढे आली. "मी घातली. येताळाच्या देवळातली सुपारी हाय. बंदुकीच्या पोटात देव बसला की ती ह्यांना काय करनार न्हाय, म्हनून."

"आगं, मला मारतीस का काय?" गुणाजी म्हणाला.

"सुपारीनं माणूस मरतो होय!" रामचंद्रपंत हसले. "एवढ्यासाठी माझी भरती घालवली?"

बुधाजीने वाळूत वल्हं रोवलं, त्यावर रामचंद्रपंतांची सोला हॅट अडकवली, सगळ्यांना आपल्या पाठीमागे उभं केलं, आणि पलीकडच्या केवड्याच्या बनात कुणी नाही ना, हे स्वतः हाका मारून पाहून आला. फडक्यासकट सुपारी परत ठासली. केप लावली. पाच पावलं मोजली.

धाड!

धूर विरला तेव्हा हॅटच्या पुढच्या भोकातून मागच्या भोकापलीकडचं केवड्याचं बन स्वच्छ दिसत होतं. नायकाने हळूच स्वतःची छाती चाचपली.

रामचंद्रपंतांनी हॅट उचलली, भोकात बोट घातलं, आणि होडीवर चढायला निघाले. तेलाची आठवण होऊन खालीच उभे राहिले. "आजपासून," ते तिथूनच गरजले, "माझ्या चित्रात बुधाजींचा गज खुणेवर बसल्याशिवाय बार होणार नाही! नेम बाजूला! मग भरती जावो, की कंपनी जावो! कारण माणसाचा जीव—"

"सायेब," सगुणा मध्येच म्हणाली, "बोला तुमी, पन उजेड हाय तवर दोन मानसं केवड्यात धाडा. तेवढी सुपारी शोधायची हाय. देवळात परत ठिवायची हाय."