खोबरेलाचे दार

कडाक्याच्या थंडीत गॅरेजचे दार जागच्या जागी कण्हू लागले, की मला आधी बाबांचा कान आठवतो. लोकरीच्या टोपीतून एका बाजूने बाहेर काढलेला, गारठ्याने लालबुंद झालेला आणि दाराच्या पत्र्याला लावलेला. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात उभी हयात यंत्रांच्या सहवासात काढलेला हा माणूस बिघाड डोळ्यांनी शोधत नसे, ऐकत असे. तेवढाच काळ काय तो त्यांचा देह स्थिर. एरवी चहासुद्धा उभ्यानेच, आणि हातात किल्ल्यांची अखंड खुळखुळ.

त्या जानेवारीतली सकाळ अजूनही अंगावर येते. आई आदल्या दिवसापासून हॉस्पिटलमध्ये होती. नऊ वाजता तिच्या हृदयाचे ऑपरेशन, आणि आत नेण्यापूर्वी भेटायला येईन, असा बाबांनी तिला शब्द दिला होता. मी ब्रिस्टलहून आले होते. गाडी आत, दार बंद, आणि बर्फामुळे टॅक्सीवाले दोन तासांची भाषा करत होते. आभाळात राखाडी उजेड नुकता फुटत होता. दार उचलणारी मोटर घुमायची, दार थरथरायचे आणि पुन्हा थिजायचे.

"बाबा, केटल आणू? गरम पाणी ओतते."

"नको गं! दोन मिनिटांत त्याचाच आइस होईल. हेअरड्रायर आण, आणि एक्स्टेन्शन लीड."

दार हाताने उचलता यावे म्हणून लाल दोरी ओढून त्यांनी मोटर सुटी केली. मग गुडघे टेकून, जमिनीला चिकटलेली रबरी पट्टी इंचाइंचाने सोडवली. तरी दार ढिम्म. शेवटी त्यांनी बाजूच्या रुळात बोट घातले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बोटावर पांढरे, मेणासारखे गोठलेले खोबरेल होते.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, की दाराच्या चाकांना बोटभर खोबरेल लावायचा त्यांचा नेम. शेल्फवर सिलिकॉनचा स्प्रे असताना, जन्मभर इतरांना वंगण शिकवलेल्या माणसाचा हा हट्ट! आई दरवर्षी बजावे, "अहो, इथे गोठतं ते." त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर तिचा आजार कळला होता, आणि बाबांनी नवस फेडावा तसे वाटीभर तेल ओतले होते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडूही आले.

एकेका चाकावर ऊन हवा धरत, फडक्याने पुसत, घड्याळाकडे बघत त्यांनी दार वर नेले, तेव्हा साडेआठ झाले होते. आम्ही वॉर्डात पोचलो, तर आईची ट्रॉली हलली होती. बाबा धावले. तिने त्यांचा हात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "गोठलं ना?"

आई बरी होऊन घरी आली. बाबाच दोन हिवाळ्यांनी गेले. खुर्चीत, चहाचा कप समोर, पहिल्यांदाच स्वस्थ बसलेले.

यंदाही दार अडले. रुळात बोट घातले, तर तेच पांढरे तेल. मागे वळून पाहिले तर घराकडच्या दारात आई.

"दसऱ्याला मीच लावलं," ती म्हणाली. मी फडके उचलले. "सगळं नको गं पुसूस. जरा वेळ लागेल, एवढंच."

मी हेअरड्रायर सुरू केला. बाबांच्या आठवणीत थांबायला वर्षातून एवढाच वेळ मिळतो, तेल वितळेपर्यंतचा.