आबांच्या चेहऱ्याची नाणी

दादासो सराफांचा फोन आला तेव्हा मी लेकाला, ऋषिराजला, भात भरवत होते.

"वहिनी, एका गिऱ्हाइकानं लक्ष्मीछाप नाणी मोडीत काढलीत. आटवायच्या आत नेणार असाल तर चांदीच्याच भावात देतो. घडणावळ लावत नाही."

चांदीचा भाव वर्षभरात कुठल्या कुठं गेला होता, आणि माझी भिशी नुकतीच लागली होती. मी विजयसिंहला विचारलं. नवरा म्हणाला, "एवढी नाणी एकदम कोण विकतंय? फसशील." झालं! माझं मन निम्मं नको म्हणत होतं, तेही गप्प बसलं. मी गाडीची किल्ली घेतली.

दादासोंचं दुकान बारामतीला. आबांनाही तिथं डोळे दाखवायचे होते, ते बरोबर निघाले. आबा म्हणजे विजयसिंहचे आजोबा, हिंदुराव. चौऱ्याऐंशीचे झाले, पण फेटा अजून स्वतः बांधतात, आणि आमच्या लासुर्ण्यात त्यांच्यापुढं आवाज चढवायची कुणाची टाप नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आम्ही दणक्यात केलं. पाहुण्यांना द्यायला आबांनी स्वतः नाणी पाडून आणली होती. एका बाजूला फेट्यातले आबा, दुसऱ्या बाजूला जेजुरीचा खंडोबा. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर हळदीकुंकवाचं बोट लावून ते नाणं मीच ठेवलं. मिरवले होते मी त्या दिवशी, खोटं कशाला बोलू?

निघताना घरातलं आबांचं नाणं मी पर्समध्ये टाकलं. अस्सल चांदीचा नमुना जवळ असला म्हणजे दादासो काय, कुणी आपल्याला उल्लू बनवू शकत नाही, असा माझा हिशोब. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

डोळ्यांचं उरकून आम्ही दुकानात गेलो. आबा गादीवर लोडाला टेकून बसले. दादासोंनी लक्ष्मीची नाणी काचेवर ओतली. थोडी झिजलेली, काळपट पडलेली, पण मन मोहून टाकतील अशी. मी एक उचललं आणि पर्समधलं आबांचं नाणं त्याच्या शेजारी ठणकन ठेवलं.

"याच्याशी ताडून दाखवा. याच्याइतकी चोख असतील तर सगळी घेते."

दादासोंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वहिनी, ते आत ठेवा."

"का? चांदीला चांदी लावायला काय हरकत आहे?"

"आपण याची दुसरी कसोटी करू. ते राहू द्या."

एवढं म्हटल्यावर मी गप्प बसणारी असते तर काय हवं होतं! माझा आवाज वाढला. आमच्या आबांचं नाणं तुम्हाला कसोटीला चालत नाही? दुकानातली दोन गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. दादासोंनी कपाळ पुसलं, खालचा खण उघडला आणि पेढ्यांचा एक जुना खोका माझ्यापुढं ठेवून झाकण काढलं.

आत आबा होते. एकावर एक, तळापर्यंत. प्रत्येक नाण्याची कड कानशीनं घासलेली, आणि घासलेल्या जागी पिवळं.

"पितळ आहे, वहिनी. वर चांदीचं पाणी. लोक मोडायला आणतात, मी घासून दाखवतो, मग घरी न्यायची कुणाला इच्छा होत नाही. इथंच टाकून जातात."

 तालुक्यातल्या पाहुण्यांचे चेहरे डोळ्यांपुढून जायला लागले. लग्नात, बारशात, बाजारात भेटणारे, 'काय सोनम, बरी हायस का' म्हणून विचारणारे. सगळ्यांना ठाऊक होतं! आम्ही तेवढे तोंड वर करून फिरत होतो.

"आबा," मी म्हणाले, "तुमाला फसवलं की वो कारागिरानं!"

आबांनी खोक्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"मला कोण फसवतंय? मीच तसली पाडाय सांगितली व्हती."

"तुमी?"

"मग! चांदीची दिली असती तर एव्हाना लोकांनी मोडून खाल्ली असती. मला आटवून मोकळी झाली असती लोकं. पितळंला कोण मोडतंय? घराघरात ऱ्हाईन म्हनलं मी."

हे ते इतक्या सरळ आवाजात बोलले की मला आधी हसूच आलं. मग अंगाचा भडका उडाला. पण दादासोंपुढं काय बोलणार? मी त्यांनाच विचारलं, "पहिलं नाणं कुणी आणलं होतं?"

"जाऊ द्या, वहिनी."

"सांगा."

"वालचंदनगरच्या सिंधुबाईंनी."

सिंधुबाई म्हणजे माझी आई.

"नातवाचं बारसं होतं म्हणाल्या. नाण्यात थोडी चांदी घालून वाळे करायचे होते. मी घासून पिवळं दाखवलं. मग कानातली फुलं काढून दिली आणि वाळे नेले. जाताना नाणं तेवढं पदराला बांधून नेलं आणि म्हणाल्या, माझ्या लेकीला ह्यातलं काई कळू देऊ नका."

ऋषिराजच्या त्या बारशात आबांनी ते वाळे चार बायकांदेखत तळहातावर तोलले होते आणि म्हणाले होते, "हलकंच हायती." आई नुसती हसली होती. कानातली फुलं कुठं गेली विचारलं तर म्हणाली, जड होतात गं आता.

मी आबांकडं वळले. त्यांचा तोरा कुठल्या कुठं गेला होता. फेटा चाचपत ते गादीच्या कडेला सरकले होते.

"दादासो," मी म्हणाले, "ही लक्ष्मीची सगळी बांधा. आणि कोण कोण नाणं टाकून गेलं, त्यांची नावं सांगा."

"पोरी, तुझं भिशीचं पैसं हायती ते," आबा पुटपुटले.

"पैसं माझं. वाटायला तुमी यायचं. घरोघर."

परतीच्या वाटेवर लासुर्णं आलं, आबांनी सवयीनं काठी हातात घेतली. मी गाडी थांबवली नाही. ती थेट वालचंदनगरला, आईच्या दारात उभी केली.

आईनं घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला. आबा तिच्या घरी कधी आलेच नव्हते. तिनं खुर्ची पुढं ओढली, ती पदरानं पुसली. आबा बसले नाहीत. त्यांनी लक्ष्मीचं एक नाणं तिच्यापुढं धरलं.

"आनी हे कशाला, आबा?" आई म्हणाली. "तुमचं हाय की माझ्याकडं. देव्हाऱ्यात ठेवलंय, रोज हळदकुंकू वाहते त्याला."

 आबांची नजर देव्हाऱ्याकडं गेली.

"विहीणबाई," ते म्हणाले, आणि लक्ष्मीचं नाणं तिच्या हातात ठेवून त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला.