चौथ्या वळणावरचा ओला पट्टा

जुनी म्हणाल तर मी जुनी आहेच मित्रांनो, लपवायचं कशाला? चार दारांची, एकेकाळी लालभडक आणि आता वाळलेल्या मिरचीच्या रंगाची मी एक छोटी मोटार आहे. अंगावर बारा पोचे आहेत. तुम्हांला वाटत असेल, शर्यतीच्या गाडीची गोष्ट म्हणजे नुसता वेग, धूळ आणि टाळ्या. पण माझी गोष्ट भीतीची आहे. मोटारीला भीती वाटते हे तुम्हांला कुणी सांगितलंच नसेल, तर आज मीच सांगते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे मी सात वर्षं होते. मग भातकुलीच्या खुशालरावांनी मला घरी आणलं. त्या दिवशी माझ्या बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटली आणि मी अशी काही फुगले, की विचारू नका! पुढची कितीतरी वर्षं मी राबले. सरकीची पोती वाहिली. आजारी माणसांना अमरावतीच्या दवाखान्यात पोहोचवलं. सगळे म्हणायचे, "गाडी लहान हाय, पन काम मोठ्ठं करते."

त्याच काळात मला माझी भीती मिळाली. श्रावणात एकदा शेताकडे जाताना मी घसरले. आमच्या भातकुलीची माती काळी आणि चिकट. उन्हात ती दगडासारखी टणक होते, पण ओली झाली की साबणासारखी निसटते आणि वर चाकाला लगदा होऊन बसते. मी नाल्याच्या काठावर तिरपी लटकले. मागच्या सीटवर खुशालरावांची चौदा वर्षांची लेक ज्योत्स्ना होती. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसतं दाराचं हँडल घट्ट धरून बसली. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत मी एकच गोष्ट शिकले : काळपट आणि ओलं दिसलं, की जायचं नाही.

पुढे घरात मोठी पांढरी गाडी आली आणि मी टिनाच्या शेडखाली गेले. दीड वर्ष कुणी काच पुसली नाही. एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर अंडी घातली. खरं सांगू? तिची सोबत मला आवडायची.

मला बाहेर काढलं ते ज्योत्स्नाने. आता ती पंचवीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. तिला मोटारशर्यतीत उतरायचं होतं. हौशी चालकांची, मातीवरची शर्यत. एका वेळी एकच गाडी पळणार आणि घड्याळ वेळ मोजणार. खुशालरावांनी आठ दिवस अबोला धरला. मग म्हणाले, "एक डाव जा. पन तुले की गाडीले काही झालं, तर किल्ली माझ्यापाशी. मंग जन्मात मांगू नोको."

अमरावतीच्या मुनव्वरचाचांनी माझ्या पोटात लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, नवे ब्रेक दिले, सीटला रुंद पट्टे लावले. "इंजिन म्या पाह्यलं बेटा," ते ज्योत्स्नाला म्हणाले, "आता रस्ता तू पाह्य."

आणि तो रस्ता! अकोल्याबाहेरच्या एका मुरमाड माळावर तो आखला होता. आम्ही सकाळीच पोहोचलो; खुशालराव आणि मुनव्वरचाचा पांढऱ्या गाडीतून मागोमाग आले. सात वळणं. चौथं वळण डावीकडचं, आणि त्याच्या उजव्या हाताला जुनी खदान. कडेला टायरांची भिंत रचलेली, आणि आम्हां गाड्यांची उभं राहायची जागा तिथून जवळच. त्या भिंतीपलीकडे काय आहे ते मला दिसत नव्हतं, फक्त खालून पाण्याचा वास येत होता. माझ्या रेडिएटरमधलं पाणी तिथेच थंड पडलं!

शर्यतीआधी सगळ्यांना रस्ता पायी बघू देतात. ज्योत्स्नाने बूट काढून हातात घेतले. आमच्याकडे पेरणीआधी शेतात वाफसा आला का, म्हणजे ओल बेताची झाली का, हे बघायला अंगठ्याने माती दाबतात. तशीच ती अंगठा दाबत दाबत चालली. बाकीचे चालक तिच्याकडे बघून हसत होते.

"ओ ताई, पऱ्हाटी लावता का इथं?" एकाने विचारलंच. पऱ्हाटी म्हणजे कपाशी.

"तुमी पानी देसान तर लावतो!" ज्योत्स्ना म्हणाली. तोही हसला.

चौथ्या वळणावर ती थबकली. धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारून गेला होता. वळणाची आतली बाजू ओली, काळपट झाली होती. बाहेरची, खदानीकडची बाजू कोरडी आणि पांढुरकी.

"बाबा, म्या बाहेरून घेतो," ती म्हणाली.

"तेच म्हनतो. ओल्यात घालू नोको," खुशालराव म्हणाले. मुनव्वरचाचांनीही मान डोलावली. मी तर केव्हाच मान डोलावली होती! आम्ही चौघंही काळ्या मातीतले, आम्हांला यात काही शंकाच नव्हती.

मग ओळखीची फेरी झाली. ही फेरी मोजत नाहीत, हळूच जायचं असतं. तीन वळणं छान गेली. चौथ्यावर ज्योत्स्नाने मला कोरड्या बाजूने घेतलं, आणि मित्रांनो, माझ्या पायांखालची जमीनच पळाली. ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तसे चाकांखाली खडे गरगरले. ब्रेक दाबला, तरी मी सरकतच राहिले. स्टिअरिंग डावीकडे आणि मी उजवीकडे! धप्प करून माझं मागचं चाक टायरांच्या भिंतीला टेकलं. भिंतीतला वरचा एक टायर पलीकडे पडला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खाली पाणी वाजलं.

ज्योत्स्नाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. ती याही वेळी ओरडली नाही. तिचं ते न ओरडणं मला नाल्याच्या काठावरून माहीत होतं, म्हणून मी आणखीच घाबरले.

खुशालराव धावत आले. त्यांचा चेहरा कोरड्या मुरमासारखा पांढुरका झाला होता. "चाल. घरी चाल. झालं तुझं."

"बाबा, पाच मिंटं द्या. बोलू नोका फक्त."

ती खाली उतरली. आधी तिने कोरडा मुरूम मुठीत घेतला. तो बोटांमधून गळून गेला. मग ओल्या पट्ट्यावरचा घेतला, दाबला, मूठ उघडली. आमची माती असती तर तळहाताला चिकट लाडू बसला असता. इथे खडे नुसते एकमेकांना धरून राहिले. हाताला काहीच चिकटलं नाही.

"बाबा, तुमी पाहा."

खुशालरावांनीही मूठ भरली. दाबली, चोळली. तीस वर्षं शेती केलेला माणूस त्या मुठीकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाले, "हे आपली माती नोहे वं."

वळणापलीकडे टँकर उभा करून टँकरवाले नागसेनदादा पाइप गुंडाळत होते. ते हसले. "मुरूम पान्यानंच बसते काका. रस्ता करतानी पानी कावून मारतात मंग? कोरड्यावर माही सायकल घसरते, तुमची तर गाडी हाय."

म्हणजे आम्ही जे जे धोक्याचं समजत होतो, तेच इथे धरून ठेवणारं होतं. खुशालरावांनी हातातला मुरूम झटकला आणि तिला जाऊ दिलं.

तिला कळलं, पण मला कुठे पटत होतं? झेंडा पडला आणि आम्ही निघालो. पहिलं, दुसरं, तिसरं वळण. समोर तो काळा पट्टा चकाकत होता. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते, 'अगं, नाला आठव!' तिलाही तो आठवत असणारच. तरी तिने मला आत घेतलं. मी चारही चाकं आखडून घसरायची वाट बघत होते, आणि जमिनीने मला धरलं! घट्ट, आईने बखोट धरावं तसं. आम्ही वळून बाहेर पडलो तेव्हा खदान मागे राहिली होती. पहिल्या फेरीत चौदा गाड्यांत आमचा नववा नंबर आला. मुनव्वरचाचांनी माझ्या टपावर अशी थाप मारली, की बारावा पोचा पडला.

दुसरी फेरी दुपारी होती. ऊन तापलं, वारा सुटला. रांगेत उभी असताना मी पाहिलं, तर चौथ्या वळणावरचा काळा पट्टा गेला होता. सगळं पांढुरकं. टँकर पुन्हा येणार नव्हता.

"सर, एकदा पायी जाऊन पाहू का?" ज्योत्स्नाने पंचांना विचारलं.

"आता नाही जाता येत. नियम आहे."

तिने त्या पांढुरक्या वळणाकडे एकदा पाहिलं. मग तिने सीटचा पट्टा सोडला. "मग माझं नाव काढा. सकाळचा रस्ता मले माहीत होता. हा नाही."

मागून तोच सकाळचा चालक ओरडला, "काय ताई, भेव लागलं का?"

"हो, लागलं!" ज्योत्स्ना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. आणि ती खाली उतरली. परतीला खुशालराव आपली पांढरी गाडी मुनव्वरचाचांकडे देऊन माझ्यात, ज्योत्स्नाशेजारी येऊन बसले. आणि किल्ली तिच्याच हातात राहिली.

मित्रांनो, आमचे ब्रेक वेळच्या वेळी तपासा, चाकांत हवा भरा, आम्हांला शेडखाली विसरू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. रस्ता ओळखीचा नसेल आणि भीती वाटली, तर कुणी हसलं तरी आमच्यातून खाली उतरा. हाताने माती बघा, तिथल्या माणसाला विचारा. तोवर आम्ही उभ्या राहतो. वाट बघायचा आम्हांला मुळीच कंटाळा येत नाही.