टाकीचं झाकण

धाकट्या बहिणीचा नवरा गॅरेजमध्ये कामाला यायला लागला, तेव्हापासून ताईचं कशात मन लागेनासं झालं होतं. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण तो तिच्या आधी येऊन शटर उघडायचा, तिची हत्यारं वापरली तर पुसून जागेवर ठेवायचा आणि तिला मनापासून 'ताई' म्हणायचा. त्याच्या या चांगुलपणानेच तिचं डोकं जास्त उठायचं.

गॅरेज तिच्या बाबांचं. शाळेतून आल्यावर दप्तर कोपऱ्यात भिरकावून ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसायची, तिथपासून तिचं आयुष्य याच छपराखाली गेलं होतं. बाबा मात्र विचारायचे जावयाला. जावईबापू, हे जरा बघता का? जावईबापू, तुमचं काय मत? तिच्यापुढे ते नुसता हात पसरायचे. कुठला पाना हवा ते तिने ओळखायचं.

अशात गुरांच्या डॉक्टरीणबाईंची एटीव्ही आली. मोटरसायकलसारखं हँडल आणि ट्रॅक्टरसारखी जाड चाकं असलेली ती गाडी घेऊन बाई डोंगरावरच्या मेंढपाळांकडे जायच्या. त्यांची तक्रार विचित्र होती. गाडी चढावर झकास पळते आणि मध्येच गप्प होते. आवाज नाही, धक्का नाही, इंजिन एकदम बंद. थोडा वेळ बसून राहिलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. मागच्या खेपेला वर एक मेंढी अडली होती. बाई औषधांची पेटी खांद्यावर घेऊन पायी गेल्या, तोवर उशीर झाला होता.

सगळं ऐकून बाबा म्हणाले, "जावईबापू, ही तुम्ही घ्या."

ताई तिथेच उभी होती. हातातलं फडकं तिने उगाचच दोनदा पिळलं.

जावयाने प्लग बदलला, पेट्रोलची गाळणी साफ केली, कार्ब्युरेटर उतरवून धुतला. अंगणात इंजिन घड्याळासारखं चालायचं. गॅरेजमागच्या टेकाडावर नेलं की अर्ध्यात बंद. दुसऱ्यांदा तो गाडी ढकलत खाली आला तेव्हा ताईला इतकं बरं वाटलं, की ते तोंडावर दिसू नये म्हणून ती गोदामात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि जावई सुटे भाग आणायला बाजारात गेले, तेव्हा तिने गाडी बाहेर काढली. खरं तर त्याने कुठे चूक केली ते तिला शोधायचं होतं. चूक सापडेना. त्याचं काम स्वच्छ होतं, तिने स्वतः केलं असतं तसं. याचाही तिला राग आला. मग तिने गाडी टेकाडावर घातली. इंजिन बंद पडलं. पेट्रोल किती आहे बघावं म्हणून तिने टाकीचं झाकण फिरवलं, तर आतून सूंऽ करून हवा ओढल्याचा आवाज आला. बटण दाबताच इंजिन सुरू.

तिच्या लक्षात आलं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी वरून हवा आत जावी लागते. त्यासाठी झाकणाला एक बारीक नळी असते. तिने नळी उपसून पाहिली. कुंभारीण माशीने तोंडाशी मातीचं घर करून ती जवळजवळ बुजवली होती. पुरेशी हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. अंगणात इंजिन थोडंच पितं, तिथे निभायचं. चढावर दम तुटायचा.

ताईने नळी हातात धरून थोडा विचार केला. मग मातीसकट जशी होती तशी परत बसवली, झाकण घट्ट लावलं आणि गाडी जागेवर आणून ठेवली.

दुपारपर्यंत जावयाने कार्ब्युरेटर पुन्हा उघडला. ती समोर बसून दुसऱ्याच गाडीचं ब्रेकचं काम करत होती. त्याच्या बोटांना पेट्रोलने भेगा पडल्या होत्या. एकदा त्याने मान वर करून विचारलं, ताई, काही सुचतंय का? तिने मान हलवली. नाही.

संध्याकाळी तो पुन्हा टेकाडावर गेला. या वेळी बाबाही बघायला आले होते. सर्वांत उभ्या चढावर इंजिन गप्प झालं, त्याचा पाय ब्रेकवरून सटकला आणि गाडी मागे घसरायला लागली. त्याने बाजूला उडी टाकली. गाडी खडकाला अडकून थांबली. ताई धावत वर गेली. तो धडधाकट आहे हे पाहिलं, आणि सरळ टाकीपाशी जाऊन तिने झाकण उघडलं. बटण दाबलं. इंजिन सुरू झालं.

धापा टाकत वर आलेल्या बाबांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंत कुठे?"

"तुला वेगळं काय विचारायचं? तू माझा हातच आहेस."

"मी तुमचा हात नाही, बाबा," ती म्हणाली. "मी मेकॅनिक आहे."

जावई कोपराची माती झटकत एकटाच खाली गेला.

तो नळाखाली हात धूत होता, तिथे ती जाऊन उभी राहिली. माझं चुकलं, असं ती म्हणाली. तुम्हाला लागलं असतं. त्याने लगेच क्षमा केली नाही. साबण चोळत राहिला.

"मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही एवढंच," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला बाबा अगं म्हणतात, रागावतात, तुमच्या ताटातलं उचलून खातात. मला अजून अहो-जाहो. पाहुण्याला करतात तसं. मला किती वाटतं, एकदा तरी त्यांनी माझ्यावर ओरडावं."

ताईला हे कधी सुचलंच नव्हतं. मग तिने त्याला गाडीपाशी नेलं, नळी काढून दाखवली आणि बारीक तार त्याच्या हातात दिली. त्यानेच माती कोरून काढली. आत माशीने साठवलेले कोळी होते, वाळून कुरकुरीत झालेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी टेकाडावर फेरी मारली, परत येऊन इंजिन सुरूच ठेवलं आणि बिघाड कुणाला सापडला असं विचारलं. बाबांनी जावयाकडे पाहिलं, जावयाने ताईकडे. बाबा घसा खाकरून काही बोलणार, एवढ्यात ताईच पुढे झाली.

"मला सापडला," ती म्हणाली, आणि झाकण कसं तपासायचं ते बाईंना समजावून सांगू लागली. बाबा शेजारी उभे राहून ऐकत होते.