बेसोने उचललेला बिअरचा ग्लास

तिबिलीसी शहरालगतच्या म्तात्स्मिंदाच्या डोंगरावर पोचेस्तोवर वाझाला होणाऱ्या जावयात एकही खोट सापडली नव्हती, आणि याचाच त्याला वैताग आला होता. वर चढणाऱ्या गाडीत बेसोने उठून एका म्हातारीला जागा दिली. वाटेत चर्च दिसल्यावर छातीवर क्रूसाची खूणही रीतसर केली. जर्मनीत वाढलेला पोरगा, कुठेतरी चुकायला नको?

ततुलीने सकाळीच बजावलं होतं, "बाबा, आज डोंगर उतरायच्या आत हो किंवा नाही. नाही म्हणालात तर मी जाणार नाही त्याच्याबरोबर. पण तुमच्याशी बोलणारही नाही."

डोंगरमाथ्यावरच्या बागेतल्या उपाहारगृहाच्या गच्चीत वाझाचं बूड ठरेना. उठायचा, कठड्याशी जायचा, खाली पसरलेल्या तिबिलीसीत आपली गल्ली शोधायचा आणि नदीच तेवढी बघून परतायचा.

"खुर्चीला खिळे आहेत का, बाबा?"

"शहर जागेवर आहे ना, ते बघतो."

तेवढ्यात बिअर आली. बेसो उभा राहिला आणि त्याने फेसाळता ग्लास उंचावला. "वाझाकाका, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो!"

ततुलीने डोळे मिटले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांचे घास तोंडातच थांबले. इथे कुणाचं भलं चिंतायचं तर वाइन हातात घेतात. बिअर उचलतात ती वैऱ्याच्या नावाने.

सापडली खोट! पण हाती लागताच ती वाझाला जड झाली. तो तडक उठला आणि कड्यावरच्या उंच आकाशपाळण्याकडे चालू लागला. बेसो मागे धावला. पाळणेवाल्याने दोघांना एकाच डब्यात ढकललं आणि दार लावलं.

डबा वर निघाला. बेसोने दांडा घट्ट धरला. "काका, माझं काय चुकलं?"

"तिकडे बिअर कुणासाठी पिता?"

"सगळ्यांसाठी."

"इथे दुश्मनासाठी पितात."

डबा वाऱ्याने हलला. मग बेसो हळूच म्हणाला, "पण काका, तुम्ही सकाळपासून माझ्याकडे बघताय ते काही दोस्तासारखं नाही. म्हणजे अगदीच चुकलं म्हणता येणार नाही."

वाझाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. इतका वेळ नुसता सभ्य वाटणारा पोरगा आता कुठे माणूस वाटू लागला. वाझाला हसू आवरेना.

"जीभ आहे म्हणायची तुला! रविवारी घरी ये, आईबापांना घेऊन. वाइन मी ओतीन. तू फक्त ग्लास धर."

खाली पाळण्याच्या दाराशी ततुली येरझाऱ्या घालत होती. वाझाने काचेवर थापा मारल्या, फटीला तोंड लावून ओरडला, "हो! अगं, हो म्हणतोय मी!"

तिने कानामागे हात धरला. ऐकू गेलं नव्हतं. पाळणा आपल्याच चालीने फिरत होता, आणि वाझा दार उघडतं का ते चाचपडू लागला.

"काका, बसा!" बेसो किंचाळला.