ओव्हनला पाठ टेकून

मी वेल्डर माणूस. गेट, जिने, खिडक्यांचे गज, कुणाच्या सायकलचा मोडका स्टँड, हे आपलं काम. पण रविवारी सकाळी मी घरी बन भाजतो. हसायचं तर हसून घ्या, आमच्या वर्कशॉपमधले रोजच हसतात.

माझं लग्न जरा उशिराच झालं. बायको नर्स, पहिला नवरा वारलेला, पदरात एक पोरगी, सातवीतली. पोरगी उलट बोलायची नाही, पण माझ्याशी बोलायचीच नाही. मी म्हणजे घरात नवीन आणलेलं कपाट, वळसा घालून जायचं. तिच्या मावशीने सांगून ठेवलं होतं की परीक्षा झाली की माझ्याकडे ये, आमच्या गावच्या शाळेत घालते. बायको म्हणायची, जबरदस्ती नको, तिचं तिला ठरवू दे. असं म्हणायची आणि मग स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटायची. पोरगी गेली तर हिचा जीव अर्धा होणार, आणि तो माझ्या पायी. कोणी बोललं नाही, पण मला काय कळत नव्हतं का?

शनिवारी बायकोची रात्रपाळी. सकाळी दमून यायची आणि चहा-बिस्किटावर झोपायची. म्हटलं, हिला काहीतरी गरम खायला करावं. एका बेकरीवाल्याचे ट्रे ठेवायचे स्टँड मी जोडून दिले होते, त्याला विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे. मैदा, दूध, साखर, थोडं लोणी, यीस्ट. दूध एवढंच कोमट की बोट बुडवलं तर बोटाला पत्ता लागू नये. मळायचं, झाकायचं आणि गप्प बसायचं. लोकांना तेच जमत नाही म्हणे.

गप्प बसण्यात मी पहिल्या नंबरचा.

घात केला तो ओव्हनने. बायकोच्या माहेरचा, जुनाट. दार लावलं की हळूच उघडायचं. खुर्ची टेकवली तर खुर्ची सरकायची. पहिले बन असे बसके झाले की चपलेला तळ म्हणून लावले असते तर टिकले असते. बायकोने खाल्ले बिचारीने. पुढच्या रविवारी मी जुन्या रजईची घडी दाराला लावली आणि स्वतःच पाठ टेकून फरशीवर बसलो. तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं. उठावं तर दार उघडतं, बसावं तर दूध जातं. पोरगी पाणी प्यायला आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, दुधाकडे बघितलं.

"तुम्ही दूध बघा," म्हणाली, आणि मी उठलो तशी माझ्या जागी येऊन बसली.

थंडीचे दिवस. घरात तेवढी एकच जागा उबदार. दर रविवारी यायला लागली, बसायला लागली. आणि पाठ शेकत असली की माणूस बोलतो. गणिताच्या बाई कशा चिडतात, मैत्रिणीने कसा दगा दिला, सगळं मला कळायला लागलं. मी आपला हं हं करायचो आणि ओटा पुसायचो. एकदा म्हणाली, बाबांचा चेहरा फोटोशिवाय आठवत नाही. मी बनला लोणी लावलं आणि तो तिच्या हातात दिला. तिने तो खाल्ला, सावकाश.

सगळं बरं चाललं होतं. पण बायको एकदा चेष्टेत म्हणाली, जगाची दारं बसवता आणि घरचं लोंबतंय. झालं, कारागिराच्या वर्मी लागलं. ओव्हनचं दार काढून वर्कशॉपला नेलं, बिजागऱ्या नव्या केल्या, स्प्रिंग बसवली. असं दार, की बोट लावलं की टक्कन बंद. एवढा खूश झालो म्हणता!

रविवारी पोरगी रजई काखेत घेऊन आली. दार उघडून बघितलं, लावून बघितलं. "छान झालं," म्हणाली. रजई घेऊन परत गेली आणि तिच्या खोलीचं दारही टक्कन बंद.

बन त्या दिवशी काय फुलले होते! आणि मी एकही न खाता ते डब्यात भरून ठेवले.

त्या आठवड्यात आमचं बोलणं परत पहिल्यासारखं, म्हणजे नाहीच. परीक्षा संपली होती. काय ठरलं ते विचारायला मावशी रविवारी फोन करणार होती. त्या सकाळी पीठ फुगत ठेवलं आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ओव्हनपुढे बसलो. बायको नुकतीच ड्यूटीवरून आलेली, पायात बूट तसेच.

"अहो, काय चाललंय?"

बिजागरी सैल करणार आहे म्हटलं. काय ते तिच्या लक्षात आलं.

"ते हत्यार ठेवा," म्हणाली, "आणि कधी नव्हे ते तोंड उघडा."

गेलो. हात पिठाचे, म्हणून पोरीच्या खोलीचं दार कोपराने वाजवलं. पोरगी खिडकीशी बसली होती.

"बन टाकतोय. ये."

"दार लागतं की आता."

"दारासाठी नाही बोलावत."

"मग?"

मग काय, मला तरी कुठे ठाऊक होतं? जे आलं ते बोललो. "तू तिथे नसलीस की मला करमत नाही. बन चांगले होतात आता. पण करमत नाही."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. "पीठ सांडतंय," म्हणाली.

मी परत आलो. म्हटलं, संपलं. ट्रे आत सरकवला, दार टक्कन लागलं. थोड्या वेळाने मागे खुडबुड झाली. बघतो तर रजईची घडी घालून पोरगी दाराला टेकून बसतेय. त्या दाराला आता कुणाची गरज नव्हती, तरी बसली.

"मागच्या वेळी साखर जास्त होती," म्हणाली.

"तू कुठे खाल्लेस?"

"आई झोपल्यावर खाल्ले."

तेवढ्यात फोन आला. बायकोने तो पोरीच्या हातात दिला. मी धुतलेलं पातेलं परत धुवायला घेतलं.

"मावशी, मी सुट्टीत येते ना. सगळी सुट्टी राहते," पोरगी म्हणाली. "नाही गं, शाळा इथलीच." मग बराच वेळ मावशीच बोलत होती. "रागावलीस का?" पोरीने हळूच विचारलं. मावशी काय म्हणाली कोण जाणे, पोरगी हसली. बायको स्टुलावर बसली ती बसलीच, बूट काढायचं भान नाही.

भान कुणालाच नव्हतं. वास आला तेव्हा कळलं. बनांची बुडं काळी ठिक्कर. मी सुरी घेऊन खरवडायला लागलो. मावशीने फोनवर विचारलं असावं, हा कसला आवाज येतोय.

"बन करपलेत," पोरगी म्हणाली. "आमच्याकडे रविवारी असतात."